जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील कर्जव्यवहार व आर्थिक साक्षरता

जव्हार आणि मोखाडा हे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुके आहेत. येथील कुटुंबांच्या कर्जाला दोन प्रमुख कारणे आहेत: पावसाळ्यातील धान्यटंचाई आणि हंगामी स्थलांतरापूर्वी मजुरीपोटी घेतली जाणारी आगाऊ रक्कम. ही रक्कम स्थानिक बोलीत 'बयाणा' किंवा 'उचल' म्हणून ओळखली जाते. ती पैशाने न फेडता श्रमाने फेडली जात असल्यामुळे या भागात कर्जाचा प्रश्न वेठबिगारीच्या प्रश्नाशी जोडलेला राहिला आहे. त्यामुळे येथील आर्थिक साक्षरतेच्या कार्यात बचत, बँक खाते व विमा यांच्या माहितीइतकेच महत्त्व मजुरीचा लेखी हिशेब, व्याजाची आकारणी आणि कर्जदाराचे कायदेशीर हक्क यांना आहे.

पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार व मोखाडा हे तालुके जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात येतात. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार, तर मोखाडा तालुक्याची सुमारे ८३ हजार होती. दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या येथील प्रमुख जमाती होत. त्यांपैकी कातकरी जमातीचा समावेश केंद्र शासनाच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत आहे. दोन्ही तालुके संपूर्णपणे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

पाऊस भरपूर पडत असला तरी तीव्र उतार आणि उथळ जमीन यांमुळे पाणी टिकत नाही. वैतरणा खोऱ्यातील धरणांतून मुंबईला पाणी जाते. मध्य वैतरणा हे त्यांपैकी एक धरण मोखाडा तालुक्यात आहे. शेती मात्र बहुतांशी एका पावसाळी हंगामापुरती मर्यादित आहे. नाचणी, वरई, भात, उडीद व खुरासणी ही मुख्य पिके होत. लहान धारणेच्या शेतातील धान्य वर्षभर पुरत नाही. दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे, कल्याण व नाशिक परिसरातील वीटभट्ट्या, बांधकामे आणि शेतमळे यांवर कामासाठी जातात. होळीच्या सणाला काही दिवस गावी येऊन ती पुन्हा कामावर परततात आणि पावसाच्या तोंडावर पेरणीसाठी घरी येतात.

या चक्रात रोख पैशाची सर्वाधिक गरज आषाढ ते भाद्रपद या काळात भासते. शेतीची कामे चालू असतात, मागील धान्य संपलेले असते, मजुरी मिळत नाही आणि आजारपणही याच काळात वाढते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे पावसाळ्यातील या टंचाईकडे राज्याचे लक्ष वेधले गेले.

इतिहास

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा परिसर त्यापूर्वीपासून ब्रिटिशशासित ठाणे जिल्ह्यात होता. मुंबई प्रांतातील आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेले सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी आदिवासी जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबत असल्याची नोंद त्यात आहे. ठाणे जिल्ह्यात अशा गड्यास 'लग्नगडी' म्हणत. लग्न गड्याचे, कर्ज त्याच्या नावावर आणि श्रम मात्र पतिपत्नी दोघांचे, असे या प्रथेचे स्वरूप होते.

१९४५ पासून तलासरी, उंबरगाव व डहाणू भागात किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठ व लग्नगडी प्रथेविरुद्ध लढा दिला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्याचे प्रमुख नेते होते. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात या लढ्याचे वर्णन आहे. हा लढा जव्हार-मोखाड्याच्या पश्चिमेला झाला असला तरी कर्जाने बांधलेल्या श्रमाचा प्रश्न संपूर्ण डोंगरपट्ट्याला समान होता.

१९७० च्या दशकात या प्रश्नाशी संबंधित अनेक कायदे झाले. १९७४ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करून आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे हस्तांतरित करण्यावर कडक निर्बंध घालण्यात आले. महाराष्ट्र ऋणविमोचन अधिनियम, १९७५ अन्वये अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची विशिष्ट मर्यादेतील खासगी कर्जे रद्द झाली. हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात वैध ठरवला. त्याच सुमारास वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ हा केंद्रीय कायदा आणि महाराष्ट्र आदिवासींची आर्थिक स्थिती (सुधारणा) अधिनियम, १९७६ हा राज्याचा कायदा झाला.

कर्जमुक्तीच्या कायद्याने जुने कर्ज संपते, परंतु पुढील पावसाळ्यातील गरज संपत नाही. नवे कर्ज योग्य वेळी व माफक व्याजाने मिळाले नाही, तर कर्जदार पुन्हा त्याच सावकाराकडे जातो. पुढील योजनांच्या यशापयशाचा विचार करताना हा अनुभव महत्त्वाचा ठरतो.

कर्जाचे प्रचलित प्रकार

धान्याची उधारी. पावसाळ्यात घेतलेले धान्य सुगीनंतर वाढीव मापाने परत करण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात जुनी आहे. सव्वापट परतफेडीस 'सवाई' आणि दीडपट परतफेडीस 'दिढी' म्हणतात. ज्येष्ठात घेतलेल्या एक मण धान्याचे कार्तिकात दीड मण द्यावे लागल्यास पाच महिन्यांचे व्याज ५० टक्के, म्हणजे वार्षिक १२० टक्के होते. उधारी पैशांत लिहून धान्यात वसूल केल्यास भावातील फरकाचा भार वेगळा पडतो. पावसाळ्यात मणाला १,२०० रुपये भावाने घेतलेले एक मण धान्य सुगीत ८०० रुपये भावाने फेडताना, व्याज न धरताही, दीड मण द्यावे लागते.

किराणा उधारी. गावातील दुकानदार वहीवर नोंद करून माल देतो. येथे व्याज बहुधा वेगळे आकारले जात नाही. ते मालाच्या वाढीव किमतीत समाविष्ट असू शकते. त्यामुळे रोख किंमत आणि उधारीची किंमत यांतील फरक हेच या कर्जाचे व्याज समजावे लागते.

बयाणा किंवा उचल. भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम पावसाळ्यात अथवा दिवाळीच्या सुमारास कुटुंबाला आगाऊ रक्कम देतो. कामावर असताना दर आठवड्याला बाजारहाटासाठी 'खर्ची' मिळते. हंगामाच्या शेवटी बयाणा व खर्ची वजा करून उरलेली मजुरी दिली जाते. केलेल्या कामाची रक्कम कमी भरल्यास उरलेली बाकी पुढील हंगामावर जाते आणि कुटुंब पुन्हा त्याच मालकाशी बांधले जाते.

खासगी सावकारी. आजारपण, लग्न, अंत्यविधी अशा निकडीच्या प्रसंगी कागदपत्रांविना तत्काळ पैसे मिळतात, हे तिचे मुख्य आकर्षण असते. व्याज दरमहा शेकड्याने सांगितले जाते.

लघुवित्त व डिजिटल कर्ज. अलीकडच्या काळात लघुवित्त कंपन्यांची गटकर्जे आणि भ्रमणध्वनीवरील उपयोजनांतून मिळणारी कर्जे ग्रामीण भागात पोहोचली आहेत. साप्ताहिक किंवा मासिक हप्ता हे त्यांचे वैशिष्ट्य आहे. हंगामी उत्पन्न असलेल्या कुटुंबाला नियमित हप्ता भरणे कठीण जाते आणि एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज घेण्याची वेळ येऊ शकते.

हिशेब व व्याजाची आकारणी

व्याजदर सांगण्याच्या पद्धतीमुळे कर्ज स्वस्त किंवा महाग भासते. 'शेकडा पाच' म्हणजे दरमहा ५ टक्के, अर्थात वर्षाला ६० टक्के. या दराने घेतलेल्या १०,००० रुपयांवर सहा महिन्यांत ३,००० रुपये व्याज होते. वार्षिक १२ टक्के दराने त्याच रकमेवर तेवढ्याच काळात ६०० रुपये व्याज होते.

हप्त्यांच्या कर्जात सरळ दर आणि घटत्या शिलकेवरील दर यांत मोठा फरक पडतो. १०,००० रुपयांवर वर्षाचे १,२०० रुपये व्याज आधीच मिळवून ११,२०० रुपयांचे बारा समान हप्ते केल्यास दर १२ टक्के सांगितला जातो. प्रत्यक्षात मुद्दल दरमहा कमी होत असल्याने घटत्या शिलकेवर हा दर वार्षिक साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

वीटभट्टीवरील हिशेबाचा परिणाम पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतो. एका जोडप्याने २०,००० रुपये बयाणा घेतला आणि २४ आठवडे दर आठवड्याला १,००० रुपये खर्ची घेतली, तर त्यांच्या नावे ४४,००० रुपये होतात. हजार विटांना ४०० रुपये दर असल्यास १ लाख १० हजार विटा पाडल्यावर ही रक्कम फिटते. त्यांनी तेवढ्या विटा पाडल्या, परंतु मालकाच्या वहीत ९० हजारांचीच नोंद झाली, तर ३६,००० रुपयेच जमा होतात आणि ८,००० रुपये अंगावर राहतात. या उदाहरणात व्याज कोठेही आकारलेले नाही. बाकी केवळ नोंदीतून निर्माण झाली आहे. मजुराकडे स्वतःची नोंद नसेल, तर या फरकाला आव्हान देणे त्याला अवघड जाते. अवकाळी पावसाने भिजलेल्या कच्च्या विटांचे नुकसान कोणाच्या नावे धरायचे, हा असाच आधी ठरवून घेण्याचा मुद्दा आहे.

वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा

या कायद्याच्या तरतुदी २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू आहेत. उचल देणे किंवा घेणे एवढ्यानेच वेठबिगारी सिद्ध होत नाही. तथापि, कर्जापोटी मजुराला कमी मजुरीवर किंवा बिनमजुरीने राबावे लागणे, दुसरीकडे काम करण्याचे किंवा इतरत्र जाण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागणे, अथवा स्वतःच्या मालाची वा श्रमाच्या फळाची बाजारभावाने विक्री करण्याचा हक्क सोडावा लागणे, या बाबी वेठबिगारीच्या व्याख्येत येतात.

कायद्यानुसार वेठबिगार मजूर मुक्त होतो आणि त्याच्यावरील वेठकर्ज फेडण्याचे दायित्व संपुष्टात येते. एखादे कर्ज वेठकर्ज असल्याचा दावा मजुराने किंवा दक्षता समितीने केल्यास, ते तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर असते. लेखी पुरावा नसलेल्या निरक्षर मजुराच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. सक्तीने राबवून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन हजार रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असून जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. १९८२ मध्ये 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ खालील सक्तीचे श्रम ठरवले.

तत्कालीन ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्ततेसाठी विधायक संसद व श्रमजीवी संघटना यांनी १९८० च्या दशकापासून काम केले. या कार्यासाठी विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांना १९९९ मध्ये अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अत्यंत गंभीर शोषणाच्या प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे. लाभासाठी प्रशासनाकडून मिळणारे मुक्ती प्रमाणपत्र आवश्यक ठरते.

ही प्रथा केवळ इतिहासजमा नाही. २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका मजुराच्या मृत्यूनंतर या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यात आला. घरातील अंत्यविधीसाठी घेतलेल्या ५०० रुपयांपोटी त्याला राबवून घेतले जात होते, असा आरोप होता. एवढ्या छोट्या रकमेसाठीही अन्य आधार उपलब्ध नसणे, हे या प्रकरणातून पुढे आले.

सावकारी नियमन

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ने १९४६ च्या मुंबई सावकारी अधिनियमाची जागा घेतली. परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सप्टेंबर २०१४ च्या अधिसूचनेनुसार शेतकऱ्यांना दिलेल्या तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतरांसाठी अनुक्रमे १५ व १८ टक्के असे कमाल दर ठरवण्यात आले.

सावकाराने हिशेबाच्या वह्या ठेवणे आणि कर्जदाराला विवरण देणे बंधनकारक आहे. अवैध सावकारीच्या व्यवहारात कर्जदाराची मालमत्ता सावकाराकडे गेली असल्यास, अर्जापूर्वीच्या १५ वर्षांतील असा व्यवहार चौकशीअंती रद्द करून ती परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना देण्यात आला. तक्रार तालुक्यातील सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्यात, म्हणजे 'पेसा'मध्ये, अनुसूचित जमातींना दिल्या जाणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना देण्याची तरतूद आहे.

संस्थात्मक पर्याय

खावटी योजना. महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळाची स्थापना १९७२ मध्ये झाली असून मुख्यालय नाशिक येथे आहे. महामंडळाने आदिवासी विकास सहकारी संस्थांमार्फत शेतमाल व गौण वनोपजाची एकाधिकार खरेदी सुरू केली. पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी १९७८ पासून खावटी कर्ज योजना राबवण्यात आली. धान्य व रोख अशा दोन्ही स्वरूपांत दिल्या जाणाऱ्या या मदतीमागील कल्पना सावकाराच्या उधारीला त्याच महिन्यात पर्याय देण्याची होती. कोविड-१९ साथीच्या काळात, २०२० मध्ये, राज्य शासनाने एका वर्षासाठी ती पूर्ण अनुदानाच्या स्वरूपात मंजूर केली. सुमारे ११ लाख ५५ हजार कुटुंबांना प्रत्येकी ४,००० रुपयांची मदत, निम्मी रोख व निम्मी वस्तुरूपात, देण्याची ती योजना होती. तिचे वाटप मात्र २०२१ पर्यंत लांबले.

पीक कर्ज. किसान क्रेडिट कार्डाद्वारे बँका व सहकारी संस्था पीक कर्ज देतात. वेळेवर परतफेड करणाऱ्या शेतकऱ्यांना केंद्र व राज्याच्या व्याज सवलती मिळतात. सातबारा उतारा नसलेली भूमिहीन कुटुंबे, विशेषतः कातकरी, या सोयीबाहेर राहतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळालेल्या कुटुंबांसाठी तो जमीनधारणेचा महत्त्वाचा पुरावा ठरतो.

स्वयंसहायता गट. 'उमेद' या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानांतर्गत महिलांचे बचत गट उभे राहिले आहेत. गटाच्या निधीतून मिळणारे लहान कर्ज आजारपण व शाळेच्या खर्चासाठी उपयोगी पडते. गटातील व्याज सभासदांच्याच निधीत जमा होते, हा खासगी सावकारीहून त्याचा मुख्य फरक आहे.

रोजगार व धान्य. कर्जाची गरज कमी करणारे उपाय कर्जाइतकेच महत्त्वाचे आहेत. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७० च्या दशकातील असून २००५ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. गावात काम मिळाले आणि मजुरी वेळेवर जमा झाली, तर बयाणा घेण्याची निकड घटते. मजुरी रखडल्यास रोख हातात ठेवणारा मुकादमच अधिक विश्वासार्ह वाटतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. स्थलांतराच्या ठिकाणीही शिधापत्रिकेवर धान्य घेता येते.

आर्थिक साक्षरतेचे घटक

भारतीय रिझर्व्ह बँक दरवर्षी आर्थिक साक्षरता सप्ताह पाळते. बँकांची साक्षरता केंद्रे, बचत गटांच्या प्रशिक्षित सखी आणि स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत ग्रामीण भागात हे काम चालते. जव्हार-मोखाड्यासारख्या परिसरात त्यात पुढील बाबींना विशेष महत्त्व आहे.

कामाची वही: बयाण्याची रक्कम, ठरलेला दर, दररोज पाडलेल्या विटा आणि मिळालेली खर्ची यांची नोंद कुटुंबाने स्वतः ठेवणे. लिहिता न येणाऱ्यांना रेघांच्या खुणांनी मोजणी ठेवता येते किंवा शाळकरी मुलांची मदत घेता येते. दर आठवड्याला मुकादमासमोर दोन्ही नोंदी जुळवल्यास हंगामाअखेरचा वाद टळतो.

कोरा कागद: कोऱ्या कागदावर, मुद्रांकावर किंवा न वाचलेल्या मजकुरावर अंगठा न देणे; आधार कार्ड, शिधापत्रिका व बँक पुस्तक तारण म्हणून न ठेवणे.

बँक खाते: २०१४ च्या जनधन योजनेनंतर खाती मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढताना प्रत्येक वेळी पावती घेणे आणि शिल्लक विचारणे आवश्यक असते.

कर्जाचा करार: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे लघुवित्त कर्ज विनातारण असते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक असू नयेत आणि मुदतीपूर्व फेडीवर दंड आकारू नये, असेही बंधन आहे.

पतनोंद: हप्ते थकल्याची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे जाते. गटातील दुसऱ्या सभासदासाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढल्यास थकबाकी ज्याच्या नावे कर्ज आहे त्याच्याच खात्यावर दिसते.

तक्रार: बँका व वित्त कंपन्यांविषयी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

मर्यादा

आर्थिक शिक्षणाची पुस्तिका बहुधा प्रमाण मराठीत आणि दरमहा पगार मिळणाऱ्या कुटुंबाचा विचार करून लिहिलेली असते. मासिक अंदाजपत्रकाची कल्पना हंगामी मिळकतीच्या कुटुंबाला थेट लागू होत नाही. त्याला पावसाळा, सुगी, स्थलांतर व सण यांनुसार वर्षाचे नियोजन उपयुक्त ठरते. प्रशिक्षणाची वेळही महत्त्वाची असते. डिसेंबर ते मे या काळात अनेक घरे बंद असतात, तर बयाण्याचे व्यवहार त्याआधीच ठरलेले असतात. त्यामुळे गणपती ते दिवाळी या काळातील ग्रामसभा व बचत गटांच्या बैठका, तसेच हंगामात प्रत्यक्ष वीटभट्टीवर केलेले काम अधिक परिणामकारक ठरू शकते.

केवळ माहितीने कर्जाचे मूळ कारण दूर होत नाही. दिढीचे व्याज किती पडते हे कुटुंबाला ठाऊक असते, तरीही घरात धान्य नसताना ते स्वीकारले जाते. शिक्षणाचा उपयोग कर्जदाराला पर्याय उपलब्ध असताना अधिक होतो. रोजगाराची वेळेवर मजुरी, पावसाळ्यापूर्वी मिळणारी खावटी, गटाचे लहान कर्ज आणि कायद्याची तत्पर अंमलबजावणी या चार बाबी त्यासाठी पूरक ठरतात.

हे सुद्धा पहा

वेठबिगारी
वारली आदिवासींचा लढा
जव्हार संस्थान
रोजगार हमी योजना
स्वयंसहायता गट
कातकरी